तेहतिसावी आली म्हणून काय झालं?

दुपारची कामं आटपली असतील तर निवांत बसा, नसतील तर भाजी निवडता निवडता ऐका. आज आम्ही बंदुकीबद्दल बोलणार आहोत. दचकू नका, कुणाला उडवायची नाहीये. खेळातल्या रायफलीबद्दल बोलायचंय.

झालं असं, की मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर तीन बायकांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. पोरगी एनसीसीत आहे, तिथे रायफल हातात धरायला मिळाली, आता म्हणते नेमबाजीच शिकणार. तर त्यात पुढे काय आहे? हे ‘पुढे काय’ आपण मुलींच्या बाबतीत जरा जास्तच विचारतो. पण प्रश्न खोटा नाही. पैसा लागतो, वर्षं जातात, आणि ती वर्षं नेमकी लग्नाच्या बोलण्याची असतात. म्हणून आम्ही चौघींनी ठरवलं, की उपदेश करण्यापेक्षा एका बाईचा खेळातला प्रवास पहिल्यापासून सांगावा. ती बाई म्हणजे कोल्हापूरची तेजस्विनी सावंत. आम्ही तिला अहो-जाहो करणार नाही. ज्यांच्याबद्दल आपलेपणा वाटतो त्यांना आपल्याकडे एकेरीतच बोलावतात, तेव्हा रागावू नका.

तेजस्विनीचं नाव काहींना आठवत असेल ते २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमुळे. तिथे ती तेहतिसावी आली. दुसऱ्या दिवशी आमच्याच ओळखीतल्या एका काकांनी चहा पिता पिता म्हटलं, “एवढा खर्च करून पाठवतात आणि तेहतिसावा नंबर!” त्या तेहतीस आकड्याच्या मागे काय होतं, तेच आज सांगायचंय.

आधी खेळ समजून घेऊ, नाहीतर बाकीचं कळणार नाही. रायफलमध्ये मुख्य प्रकार दोन. एक एअर रायफल. त्यात हवेच्या दाबाने छर्रा सुटतो, छर्रा साडेचार मिलिमीटरचा, लक्ष्य दहा मीटरवर. त्या लक्ष्यावर पूर्ण दहा गुणांचा जो ठिपका असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा. वहीत आपण पूर्णविराम देतो ना, तेवढा. दुसरा प्रकार पन्नास मीटरचा, त्यात खरी गोळी असते, पॉइंट टू टूची. पन्नास मीटर म्हणजे दीडशे फुटांच्या वर. तिथे दहा गुणांचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं, आणि मध्ये उघड्यावरचा वारा. हा पन्नास मीटरचा खेळ तीन प्रकारे खेळतात: गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून. तिन्ही मिळून एक स्पर्धा, तिला थ्री पोझिशन म्हणतात. नुसतं झोपून खेळायची वेगळी स्पर्धा असते, तिचं नाव प्रोन. हे प्रोन लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं अडणार आहे.

आता अंगावर काय असतं ते ऐका. कॅनव्हास-चामड्याचं जाड, ताठ जाकीट, तशीच विजार, सपाट तळाचे बूट. ते घालून चालताना माणूस बदकासारखा दिसतो. पाच-साडेपाच किलोची रायफल खांद्याला, डोकं एका कुशीला, कंबर मुरडलेली, आणि त्या अवस्थेत हलायचं नाही. श्वास अर्धा सोडायचा, थांबवायचा. छातीचा ठोका नळीच्या टोकाशी जाणवतो, म्हणून दोन ठोक्यांच्या मधली जागा शोधायची आणि तेव्हा चाप ओढायचा. ओढायचा म्हणजे नुसता दाब वाढवायचा, झटका दिला की गेलं. असं एकदा नाही, साठ वेळा, कधी एकशेवीस वेळा. मनगटाची ताकद, उंची, धावायचा वेग यांचं इथे फारसं काम नाही. म्हणूनच हा खेळ बायका पुरुषांच्या बरोबरीने खेळू शकतात, आणि हे कागदावरचं नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशनची स्पर्धा बायका-पुरुषांची एकत्र होती. त्यात अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉक आणि लॅनी बॅशम यांचे गुण सारखे झाले. बारकाईने लक्ष्यं तपासून बॅशमना सुवर्ण दिलं, मर्डॉकना रौप्य. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा बॅशमनी त्यांचा हात धरून त्यांना वरच्या पायरीवर आपल्याशेजारी उभं केलं. १९८४ पासून बायकांच्या स्पर्धा वेगळ्या झाल्या. वेगळ्या झाल्या आणि गोळ्याही कमी झाल्या! एअर रायफलमध्ये पुरुषांना साठ, बायकांना चाळीस. थ्री पोझिशनमध्ये पुरुषांना एकशेवीस, बायकांना साठ. का, तर आमच्या मते काही कारण नाही.

आपल्या महाराष्ट्रात बायकांनी रायफल धरली त्यात मुंबईच्या अंजली भागवत यांचं नाव आधी घ्यायला हवं. त्याही एनसीसीतूनच आलेल्या, कीर्ती कॉलेजच्या, वरळीच्या रेंजवर शिकलेल्या. २००० साली सिडनीला विशेष प्रवेशावर गेल्या आणि थेट अंतिम फेरीत पोचल्या. नेमबाजीत ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदकं. त्यांच्याच काळातल्या दीपाली देशपांडे आणि सुमा शिरूर. सुमाताईंनी २००४ मध्ये क्वालालंपूरला आशियाई स्पर्धेत चाळीस गोळ्यांत चारशेपैकी चारशे गुण मिळवले. म्हणजे चाळीसच्या चाळीस गोळ्या त्या पूर्णविरामावर. या बायका समोर होत्या म्हणून कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या मुलीला आणि तिच्या आईबापाला वाटलं, की हे होऊ शकतं.

तेजस्विनीचा जन्म १९८० चा. वडील नौदलातले. कोल्हापुरात जयसिंग कुसाळे यांच्या हाताखाली ती शिकली. कोल्हापूर म्हटलं की तालीम, तांबडी माती, कुस्ती. त्या गावात पोरगी गप्प उभं राहायचा खेळ शिकते याचं नवल वाटलं असणारच. २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने एअर रायफलमध्ये दोन सुवर्णं आणली, एक एकटीचं आणि एक अवनीत कौर सिद्धूबरोबर जोडीचं. वय पंचवीस. २००९ मध्ये म्युनिकच्या विश्वचषकात थ्री पोझिशनमध्ये कांस्य.

मग आलं २०१०. फेब्रुवारीत वडील गेले. ऑगस्टमध्ये म्युनिकलाच जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. तिथे ती प्रोनमध्ये उतरली. साठ गोळ्या, सहाशे गुण. तिने पाचशे सत्त्याण्णव घेतले. मैत्रिणींनो, साठ गोळ्यांत मिळून फक्त तीन गुण गेले. जागतिक विक्रमाची बरोबरी झाली आणि नेमबाजीतली ती पहिली भारतीय महिला जगज्जेती ठरली. पुढच्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला.

इथे आपण म्हणतो, झालं, आता ऑलिम्पिक पदक. इथेच घोळ आहे. ज्या प्रोनमध्ये ती जगात पहिली आली, तो बायकांचा प्रकार ऑलिम्पिकमध्ये नाहीच. कधी नव्हता. पुरुषांचा होता, २०१६ पर्यंत होता. बायकांना ऑलिम्पिकमध्ये रायफलचे दोनच रस्ते, एअर रायफल किंवा थ्री पोझिशन. म्हणजे तुम्ही पुरणपोळीत जिल्ह्यात पहिल्या आलात आणि पुढच्या स्पर्धेत सांगितलं, की इथे पुरणपोळी चालत नाही, पूर्ण ताट वाढा. थ्री पोझिशन हे पूर्ण ताट आहे. त्यात झोपून नेम धरण्याबरोबर गुडघ्यावरचं आणि उभ्याचंही यावं लागतं, आणि उभ्याने भल्याभल्यांचे गुण जातात.

ऑलिम्पिकला जायचं तर नुसतं चांगलं खेळून भागत नाही हेही सांगायला हवं. काही ठरावीक आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वरचा क्रमांक आला की देशाला एक जागा मिळते. जागा देशाची, खेळाडूची नाही. एका प्रकारात एका देशाला दोनपेक्षा जास्त जागा नाहीत. त्या जागांवर कुणाला पाठवायचं ते मग इथे ठरतं, आणि देशात एकीपेक्षा एक सरस मुली असतात. २००८ चं बीजिंग तेजस्विनीविना गेलं. २०१२ चं लंडन गेलं. २०१६ चं रिओ गेलं. जगज्जेतीच्या नावापुढे ‘ऑलिम्पिकला गेलेली’ हे लागलं नाही ते नाहीच. या काळात तिचं लग्न झालं. शासनाच्या क्रीडा खात्यात विशेष कार्य अधिकारी म्हणून नोकरीही होती. खेळ सोडला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं, उलट ‘आता संसाराकडे बघ’ म्हणणारेच भेटले असते. आपल्या सगळ्यांना भेटतात तसे.

तिने सोडलं नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धा झाली. पहिल्या दिवशी प्रोनमध्ये रौप्य, आणि दुसऱ्या दिवशी थ्री पोझिशनमध्ये सुवर्ण, तेही ४५७.९ गुणांनी, स्पर्धेचा नवा विक्रम करून. वय सदतीस. आमच्यातल्या एकीने हा आकडा वाचला तेव्हा ती म्हणाली, “सदतिसाव्या वर्षी मी गुडघ्याला तेल लावायला सुरुवात केली होती!” आम्ही हसलो खरं, पण हिशोब करून बघा. मेलबर्नचं सुवर्ण आणि गोल्ड कोस्टचं सुवर्ण यांच्यात बारा वर्षं आहेत.

त्याच वर्षी नियमही बदलले. बायकांनाही पुरुषांइतक्याच गोळ्या, थ्री पोझिशनला एकशेवीस. बदल न्यायाचा होता, आम्हाला आवडला. पण त्याचा अर्थ असा, की वयाची चाळिशी जवळ आलेली असताना तिला एकदम दुप्पट गोळ्यांची तयारी करावी लागली. पावणेतीन तास, तीन प्रकारे, एकशेवीस वेळा श्वास रोखायचा. पुढे दोघांच्याही गोळ्या कमी करून साठ केल्या, तो भाग वेगळा. तिच्या वाट्याला मात्र एकशेवीसच आल्या. २०१९ च्या नोव्हेंबरात दोहाला आशियाई स्पर्धेत ती अंतिम फेरीत चौथी आली आणि देशासाठी ऑलिम्पिकची जागा मिळवली. मग करोना आला, ऑलिम्पिक वर्षभर पुढे ढकललं गेलं. रेंज बंद, सराव बंद.

शेवटी २०२१ च्या जुलैअखेर, चाळिसाव्या वर्षी, ती टोकियोला पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या रेंजवर उभी राहिली. बाराशेपैकी १,१५४ गुण. तेहतिसावी.

तर काकांचा तेहतिसावा नंबर हा असा. आम्ही त्याला यश म्हणणार नाही, तिनेही म्हटलं नसेल. अंतिम फेरीत पहिल्या आठ जणी जातात, ती त्यात नव्हती. पण वीस वर्षांच्या कामाला एका दिवसाच्या आकड्याने मोजायचं, ही सवय काही बरी नाही. म्युनिकचे पाचशे सत्त्याण्णव त्या दिवशी कुठे गेले नव्हते. जगातली पहिली येऊनही ज्या दाराने आत जायचं ते दारच नव्हतं, यात तिचा काय दोष? आणि दारं अशी उघड-मीट होतच असतात. २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून तर नेमबाजी पूर्णच वगळली. ज्या स्पर्धेने तिला मोठं केलं तीच राहिली नाही. नेमबाजीत पोरीला घालताना हे माहीत असू द्या: नेम तिच्या हातात असतो, स्पर्धांचे नियम नसतात.

आता पैशाचं. चांगली परदेशी एअर रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते. जाकीट-विजार-बूट वेगळे. पन्नास मीटरच्या खेळाला तर प्रत्येक गोळीचे पैसे पडतात, आणि त्या रायफलीला शस्त्रपरवाना लागतो. एअर रायफलला सहसा लागत नाही. म्हणून सुरुवात बहुतेकजणी एअर रायफलनेच करतात. ऐकून छाती दडपली असेल तर एवढं लक्षात घ्या, की पहिल्या दिवशी कुणी रायफल विकत घेत नाही. क्लबची असते, एनसीसीची असते, ती वापरतात. पोरगी वर्षभर टिकली, गुण वाढत गेले, तर पुढचा विचार. राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याला वडिलांनी २००९ मध्ये तिथे घातलं. वडील शिक्षक. पुढे तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने याच थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. या प्रकारातलं भारताचं पहिलं ऑलिम्पिक पदक.

त्या दिवशी टीव्हीवर सगळे स्वप्नीलला बघत होते. आम्ही त्याच्या प्रशिक्षकांना शोधत होतो. त्याला घडवणाऱ्या कोण, तर मघाशी नाव घेतलं त्या दीपाली देशपांडे. त्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला गेल्या होत्या आणि पदकाशिवाय परत आल्या होत्या. त्यांनाही तेव्हा कुणीतरी नंबर विचारलाच असेल. २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला. सुमा शिरूर यांचंही तसंच. अथेन्सला अंतिम फेरीत आठव्या. मग पनवेलला शिकवायला लागल्या, आणि त्यांच्याकडे शिकली जयपूरची अवनी लेखरा. लहानपणी अपघातात पाठीचा कणा दुखावलेली, चाकाच्या खुर्चीत बसून नेम धरणारी. तिने टोकियोला आणि पुन्हा पॅरिसला पॅरालिम्पिकचं सुवर्ण आणलं. तेव्हा ‘पुढे काय’ विचारणाऱ्या आयांनो, पुढे हेही असतं. खेळणं थांबलं तरी डोळा आणि डोकं थांबत नाही.

पण खरं सांगायचं तर पैशापेक्षा अवघड गोष्ट वेगळीच आहे, आणि ती आपल्या घरात आहे. या खेळाला लागतो तो सलग, कुणी हाक न मारलेला वेळ. मुलगा अभ्यासाला बसला की आपण टीव्ही बंद करतो. मुलगी बसली की तिला मधूनच उठवतो, पाणी दे, कुकरची शिट्टी बघ, भावाला वाढ. आमच्याही घरी हेच चालतं, नाही कशाला म्हणायचं. रायफलवाल्या मुली घरीही सराव करतात. छर्रा न घालता भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून उभ्या राहतात, वीस मिनिटं, अर्धा तास. बघणाऱ्याला वाटतं ही रिकामी उभी आहे. ती रिकामी नसते. त्या वेळात एक हाक मारली की सगळं पहिल्यापासून. घरातल्या बाईला न हलता, न बोलता अर्धा तास कोण उभं राहू देतो? ज्या घरात ते जमतं तिथून नेमबाज निघते.

तर ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी, शेवटची कामाची माहिती. आधी एनसीसीच्या बाईंना किंवा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा, जवळची रेंज कुठली ते सांगतील. रेंजवर जाऊन एक सकाळ नुसतं बघा. मुली किती आहेत, शिकवणारं कोण आहे, क्लबची रायफल वापरायला मिळते का, महिन्याला छर्‍यांचे किती पडतात, हे सगळं विचारा, लाजू नका. मुलीची पाठ आणि डोळे डॉक्टरांना दाखवून घ्या. चष्मा असला म्हणून अडत नाही. पहिले काही आठवडे तिला कदाचित छर्रा मिळणारच नाही, नुसती रायफल धरून उभं करतील. घरी आली की खांदा दुखतो म्हणेल. गरम पाण्याने शेका, आणि तिला विचारा, आज किती वेळ स्थिर उभी राहिलीस.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला आम्ही रेशनकार्डावरची नावं कशी दुरुस्त करायची ते सांगणार आहोत. कार्ड जवळ घेऊन बसा.